बुडबुडा कुठून निघतो

कंपनीनं दादाला घरी बसवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी आलं ते माझं अंथरूण. आकुर्डीच्या चाळीतल्या त्याच्या एका खोलीत, मोरीच्या कट्ट्याला लागून जी जागा होती, तिथं मी काही वर्षं पाय दुमडून झोपत होतो. दादा गावी परतला तर खोली सुटणार, खोली सुटली तर मी कुठं जाणार, हे सगळं मनानं माझ्या आधीच जुळवून टाकलं. मग वहिनी आठवली, तिच्या दोन मुली आठवल्या. मग दादा.

दादा माझा नात्याचा कुणी नव्हे. तो लातूरकडचा, मी कोकणातला, खाडीकाठचा. सातवीनंतर माझी शाळा सुटली. वडलांच्या मागं घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं, म्हणून गावच्या एका माणसाबरोबर मी पिंपरीला आलो. तो माणूस आठवड्याभरात दुसरीकडं निघून गेला. दादाच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी कपबशा विसळत होतो, तेव्हा एकदा त्यानं विचारलं, "ए कोकण्या, झोपतोस कुठं?"

"इथंच, मागं."

 शिफ्ट सुटल्यावर तो मला बरोबर घेऊन गेला. खोलीत भिंतीवर बुद्धाचं एक चित्र, खाली पत्र्याची पेटी, पेटीवर मुलींची दप्तरं. वहिनीनं ताट वाढताना एवढंच म्हटलं, "मासं मागू नगं बाबा, हितं मिळत न्हाईत." ती थट्टा होती हे कळायला मला दोन दिवस लागले. पुढं पिंपरी स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत मला दादानंच चिकटवलं. मालकांना म्हणाला, "हातानं हळू हाय, पर सांगितलेलं इसरत न्हाई." त्या एका वाक्यावर मी पुढं आयुष्यभर जेवलो.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तरच्या आसपासची. दादा गॅस वेल्डर होता. त्याची कंपनी लहान. ट्रकच्या डिझेलच्या टाक्या करून मोठ्या कंपनीला द्यायची. दोन पत्रे दाबून खोलगट करायचे, तोंडाला तोंड लावायचे आणि कडेनं सांधायचे. हे सांधणं दादाचं. सांधलेल्या टाकीचं तोंड रबरी वायसर लावलेल्या बुचानं बंद करायचं, आत हवा भरायची आणि टाकी पाण्याच्या हौदात दाबून धरायची. बुडबुडा आला की टाकी बाद.

त्या वर्षी टाक्यांची एक खेप परत आली. टाक्यांबरोबर पाठवलेली तपासणीची बुचं लावून मोठ्या कंपनीनं त्या हौदात बघितल्या, तर गळतात अशी तक्रार. पुन्हा हौदात घातल्या तर खरोखरच बुडबुडे निघाले, आणि ज्यानं बघितलं त्याला ते सांध्यावरूनच निघताना दिसले. दादा मात्र हटून बसला. त्याचं म्हणणं असं की बुडबुडा निघतो बुचापाशी, कारण तपासणीची वायसरं जुनी होऊन कडक झालीत. निघाला की तो सरळ वर जात नाही. सांध्याची कड जरा वर आलेली असते, तिला चिकटून सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत येतो आणि तिथून सुटतो. बघणाऱ्याला वाटतं, इथूनच निघाला.

कंपनीत ह्याच्यावर हसून घेतलं लोकांनी. "दादा, आमचा बुडबुडा सरळ वर जातो. तुमचाच तेवढा पायी चालतो व्हय?" एकानं तर विचारलं म्हणे, त्याला वाटेत चहा लागतो का. पण चौकशी लागली, आणि तिचा निकाल होईपर्यंत गेटच्या आत यायचं नाही असं दादाला सांगण्यात आलं. चौकशीला बसणारे तिघंही पुण्याच्या ऑफिसातले. दोष दादाचा ठरला तर नोकरी जाणार, हे स्पष्टच होतं.

तपासणी खात्यात एक तरुण इंजिनिअर नवा आला होता. दादाचं बोलणं त्यानं एकट्यानं नीट ऐकून घेतलं. तोही तासभर हौदात डोकावून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "खरं सांगू? मला ठरवता येत नाही. डोळा पोचेपर्यंत तो सुटलेला असतो. पुण्याची माणसं तर इथं ओणवी होऊन बघणारच नाहीत. फोटो असेल तर बघतील. बुडबुडा निघतानाचा, स्पष्ट."

गेटबाहेर उभ्या असलेल्या दादानं छाती पुढं काढून सांगितलं, "आमच्या घरात फोटोवाला हाय."

हा फोटोवाला म्हणजे मी. तोवर मी हयातीत काढले होते ते फक्त गेटपासाचे फोटो. त्या पट्ट्यात नवनव्या कंपन्या उघडत होत्या आणि प्रत्येकाला पासावर चिकटवायला तोंड हवं होतं. आमच्याकडं रांग लागायची. एकेकाचा फोकस बघत बसायला वेळ नसे. म्हणून मालकांनी कॅमेऱ्याच्या स्टँडला एक दोरी बांधली होती, दोरीला गाठ. गाठ माणसाच्या नाकाला लावायची, दोरी सोडायची, बटण दाबायचं. लेन्सवरचं अंतर कधी हलवायचंच नाही. शेकडो तोंडं त्या दोरीवर मी स्पष्ट काढली. मालक म्हणायचे, डोळा भुलतो, दोरी भुलत नाही.

मालकांना मी भीत भीत सगळं सांगितलं. ते पुण्याचे, पेठेतले. बोलायला तिखट, पण मनानं तसे नव्हते.

"पाण्याखाली?" ते म्हणाले. "अरे, लग्नात नवरदेव शिंकला तरी तुझा हात कापतो."

"दादाची नोकरी आहे हो."

"ते कळलं मला. बस खाली."

मग त्यांनी मला पहिल्यांदा नीट शिकवलं. एरवी सांगायचे, इतक्यावर ठेव, तितक्यावर ठेव, आणि मी ठेवायचो. त्या दिवशी का ते सांगितलं. "स्पीड, अ‍ॅपर्चर आणि फिल्म ही एका खोलीतली तीन बिऱ्हाडं आहेत. एकानं पाय पसरले की दुसऱ्यांनी आखडायचे. तुला जास्त सांगायला नको. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक बारीक केलंस तर पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येईल, पण उजेड कमी पडेल, मग स्पीड हळू लागेल. स्पीड हळू ठेवलास तर जे हलतं त्याची रेघ होईल. आणि पाणी उजेड खातं, हे वेगळंच."

कॅमेरा त्यांनी दिला तो छोटा, पस्तीस मिलिमीटरचा. त्यातून बघितलं की समोरचं सगळं नेहमी स्पष्टच दिसे; फोकस झालाय की नाही ते डोळ्याला कळायचा मार्ग नव्हता. अंतर फुटांत मोजायचं आणि लेन्सच्या कड्यावर तेवढा आकडा लावायचा. शिवाय पाचशे वॅटचे दोन दिवे दिले, आणि बजावलं की तापलेल्या बल्बवर पाण्याचा एक थेंब पडला तर बल्ब फुटेल, तो भरून द्यावा लागेल, आणि डोळ्यात काच गेली तर ती भरून मिळत नाही.

कॅमेरा पाण्यात घालायचा कसा, हे दादानं सोडवलं. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा त्यानं मधोमध कापला, तळाचा पत्रा काढून तिथं खिडकीची काच बसवली आणि कडेच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. डबा पाण्यात चार बोटं दाबला की काच पाण्याखाली जाई, वरच्या लाटा बाहेरच राहत आणि खालचं सगळं शांत दिसे. आत कॅमेरा तोंड खाली करून ठेवायचा, लेन्स काचेला टेकवून. चाळीच्या पाण्याच्या पिंपावर आम्ही तो पारखून बघितला. दादाची धाकटी मुलगी आत डोकावून म्हणाली, "पिंपात शेवाळ हाय, आई." वहिनी म्हणाली, "बरं झालं दिसलं. घास आता."

चौकशी पुढच्या सोमवारी होती. त्याआधीच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत पहिला प्रयत्न केला. मला इंजिनिअरनं आत नेलं, दादाला सोडत नव्हते. तो गेटबाहेर टपरीवर बसून राहिला. परत आलेल्यांतल्या तीन टाक्या इंजिनिअरनं खडूनं खुणा करून बाजूला ठेवल्या होत्या. मी कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगाला दिवे लावले. लेन्सपासून टाकीपर्यंत लोखंडी टेप सोडला: चार फूट. कड्यावर चार लावले. सगळं स्पष्ट यावं म्हणून अ‍ॅपर्चर आठ, आणि मग उजेडाला पुरेल असा तीसचा स्पीड, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग.

संध्याकाळी फिल्म धुतली. बुडबुड्यांच्या जागी पांढरे दोरे आले होते, टाकीतून कापूस ओढल्यासारखे. आणि सगळ्या चित्रभर ठिपके, कुणी राखुंडी उधळावी तसे.

"हे ठिपके म्हणजे पाण्यातला गंज," मालक म्हणाले. "दिवे लेन्सशेजारी ठेवलेस ना? उजेड धुळीवर आपटून सरळ तुझ्याकडं परत आला. दिवे दूर ने, कडेनं तिरपे पाड. पाणी बदलायला सांग. आणि तीसचा स्पीड? हा बुडबुडा आहे बाबा, थांब म्हटलं म्हणून थांबायला तो काही पासाच्या रांगेत उभा नाही. अडीचशे तरी हवा."

"मग उजेड पुरणार नाही."

"नाहीच पुरणार. अ‍ॅपर्चर उघड सगळं. आणि ही घे," म्हणून त्यांनी कपाटातून चारशेच्या फिल्मचे दोन रोल काढून दिले. नाटकांच्या फोटोंसाठी त्यांनी मुंबईहून आणवलेले होते. मी नको नको म्हणत राहिलो. "नको काय? घे. नाटकच चाललंय हे."

घरी गेलो तर दादा स्टोव्ह उघडून बसला होता. तो स्टोव्ह चांगला चालत होता. घरी बसल्यापासून त्यानं दुरुस्त नसलेलं सगळं दुरुस्त केलं होतं, आता दुरुस्त असलेल्यावर आला होता.  वहिनी मला म्हणाली, "खा की. ताटात नक्षी काय काढायलास?"

बुधवारी पुन्हा गेलो. हौद धुऊन नवं पाणी भरलेलं, दिवे दोन्ही कडांवरून तिरपे, अडीचशेचा स्पीड, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. टेप पुन्हा सोडला. चार फूट म्हणजे चारच फूट. तपासणीतल्या माणसानंही मोजून खात्री केली. तिथं मापाबद्दल कुणी हयगय करत नसे, सुतासुतावरून भांडणं व्हायची.

ह्या वेळी ठिपके गेले होते. बुडबुडे थांबले होते, गोल आले होते. पण सगळं मऊ. ताकातून बघितल्यासारखं. बूच कुठं संपतं आणि सांधा कुठं सुरू होतो तेच कळेना. तिसऱ्या टाकीचा तर नुसता ढग. माझा हातच हलला असणार, असं मी धरून चाललो आणि मालकांना म्हणालो, "मला नाही जमायचं. दुसरं कुणी बघा."

त्यांनी भिंगानं निगेटिव्ह बघितली. "हललेलं नाही हे. हललं तर एकाच अंगाला फराटा येतो. इथं सगळीकडं सारखंच धूसर आहे. फोकस चुकलाय. अंतर मोजलंस?"

"लोखंडी टेपनं. दोघांनी मोजलं."

त्यांनी भिंग पुन्हा लावलं, मग खाली ठेवलं. दोरी भुलत नाही म्हणणाऱ्या माणसाची दोरीच भुलली होती. 

गुरुवार, आमच्याकडचा सुट्टीचा दिवस. सगळ्या कंपन्या बंद, वीजही बंद. दादा म्हणाला, चल, साहेबाला विचारू. इंजिनिअर निगडीला राहायचा. प्राधिकरणात नवी घरं उठत होती, त्यातल्या एकाच्या मागच्या दोन खोल्यांत. आम्ही चालतच गेलो. दुपारचं ऊन, रस्त्याला झाड नाही. दादा वाटेत दोनदा ठेचकाळला. मला वाटलं, काळजीनं.

इंजिनिअर बनियनवर कपडे धूत बसला होता. निगेटिव्ह उजेडाकडं धरून त्यानं बघितली, मग माझं मोजमाप ऐकलं आणि साबणाचे हात तसेच ठेवून बादलीकडं बोट केलं.

"ह्या बादलीचा तळ किती खोल दिसतो?"

"असेल वीतभर."

"हात घाल."

मी हात घातला. मनगटाच्या वर चार बोटं भिजला तरी तळ लागायला थोडा उरलाच.

"पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा जवळ दिसते. विहिरीचा तळ वर आलेला दिसतो, तसंच. लेन्सला तुमचा टेप कळत नाही. पाणी जेवढं अंतर दाखवतं तेवढंच तिला कळतं. चार फुटांवरची टाकी तिला तीन फुटांवर दिसतेय, आणि तुम्ही तिला चारवर बघायला लावताय. तीन लावा. आणि थोडं अ‍ॅपर्चर बारीक करता आलं तर करा, इंच-दोन इंच इकडं तिकडं झालं तरी सांभाळून जाईल." मग सहज विचारलं, "शिक्षण कितीपर्यंत तुमचं?"

"सातवी."

"मग बरोबर. हे नववीच्या पुस्तकात असतं."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं चहाही दिला. पण परतताना ते नववीचं पान माझ्या डोक्यातून जाईना. आणखी दोन वर्षं कुणी थांबवून धरलं असतं तर एवढं एक पान तरी पदरात पडलं असतं. दादानं ते ओळखलं असावं.

"नववी झाला असतास तर हितं कशाला आला असतास? मग माझा फोटो कुणी काढला असता?" आणि थोड्या वेळानं, "पर काय रं, तुमच्यात खाडीत भाल्यानं मासं मारत्यात ना? तिथं न्हाई कळलं, दिसतंय तिथं मासा नसतो म्हणून?"

"मी कधी मारलेच नाहीत. मला पाण्याची भीती वाटायची."

"वा रं कोकण्या," दादा म्हणाला आणि रस्त्यात उभा राहून हसला. त्या आठवड्यातलं त्याचं ते एकच हसू.

शुक्रवारी कड्यावर तीन लावताना माझा हात वळत नव्हता. टेप समोर पसरलेला, त्यावर चार, आणि मी तीन लावतोय. एवढा उघड खोटा आकडा मी कधी लावला नव्हता. चारशेच्या फिल्मला मालकांनी आठशेची समजून वागवायला सांगितलं होतं. नंतर औषधात जास्त वेळ ठेवून ती भरपाई ते करणार होते, दाणा जाड येईल तेवढा येऊ दे म्हणाले. त्यामुळं स्पीड अडीचशेच ठेवूनही अ‍ॅपर्चर चारवर, म्हणजे थोडं बारीक, आणता आलं. डबा हातात न धरता हौदावर आडव्या टाकलेल्या लोखंडी पट्ट्यांवर टेकवला. टाकी लोखंडी दांड्यानं तळाशी दाबून धरायला इंजिनिअर स्वतः बाह्या वर करून पुढं आला. प्रत्येक टाकीचे मी उजेड एकेक पायरी कमी-जास्त करून दोन-तीन फोटो काढले. मग दुसऱ्या बाजूचा बल्ब फुटला. कुणाला लागलं नाही. फोटो तोवर काढून झाले होते.

संध्याकाळी मालकांनी दुकान लवकर बंद केलं आणि दादालाही डार्करूममध्ये घेतलं. लाल दिव्यात आम्ही तिघं. पहिला कागद औषधात सोडला. आधी टाकीची कड उमटली, मग बूच, मग बुचाच्या खालून निघालेली बुडबुड्यांची रांग, सांध्याला धरून चाललेली, मुंग्यांसारखी एकामागं एक, आणि कोपऱ्यावर सुटून वर गेलेली. इतकी स्पष्ट की प्रत्येक बुडबुड्यात दिव्याचा एकेक ठिपका दिसत होता.

"पायी चालतोय खरंच," मालक म्हणाले.

 दादा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. दुसरी टाकीही तशीच. तिसरीचा कागद मी जरा निर्धास्तपणे सोडला. बुचातून तीच रांग निघाली होती. पण पुढं कोपऱ्यावर, जिथं सांधा वळतो तिथं, रांगेपासून वेगळा एक बारीक बुडबुडा होता. टाचणीच्या डोक्याएवढा. तो कुठून चालत आलेला नव्हता. अर्धा सांध्याच्या आत होता आणि अर्धा बाहेर.

"निगेटिव्हवर डाग असेल," मी म्हटलं.

मालकांनी भिंग लावून बघितलं, आणि दुसरी निगेटिव्हही बघितली. "डाग नाही. दोन्हींत आहे."

दादानं भिंग मागून घेतलं. कागद जवळ धरला, लांब धरला, दिव्याकडं नेला. मग माझ्या हातात दिला. "तूच सांग कुठं हाय. मला दिसंना गेलंय."

मला वाटलं, लाल उजेडामुळं. त्यानं मान हलवली. दिसायचं कमी होऊन वर्ष झालं होतं. सरळ सांधा तो हाताच्या सवयीनं ओढायचा. कोपरा आला की ज्योत वळवायची कुठं ते नीट दिसत नसे, अंदाजानं वळवायचा. सांगितलं असतं तर डोळे तपासले असते आणि वेल्डिंगवरून काढलं असतं. घरात वहिनीलाही माहीत नव्हतं. निगडीच्या रस्त्यावर तो कशाला ठेचकाळत होता ते मला तेव्हा उमगलं.

 मग मालक हळू आवाजात म्हणाले, "बुधवारचा फोटो आहे की ह्या टाकीचा. धूसर आलाय, पण खोटा नाही तो. दोन स्पष्ट, एक धूसर. कोण विचारतंय? पहिल्या दोहोंवरच तुमचं म्हणणं सिद्ध होतं."

मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण दादा. हो म्हण. एवढी मेहनत करून स्पष्ट फोटो काढला आणि आता तो कुणी बघू नये असं मला वाटत होतं. थोडा आळस केला असता, अ‍ॅपर्चर उघडंच ठेवलं असतं, तर तो टाचणीचा ठिपका ढगात विरून गेला असता.

दादा स्टुलावर बसला. कागदाचं टोक धरून त्यातलं पाणी निथळू दिलं. "डिझेलची टाकी हाय, मालक. ट्रकचा डायव्हर तिच्याजवळ रात रात बसून असतो." मग तोंडावरून हात फिरवला, फार दमल्यासारखा. "तिन्ही द्या. हा माझा हाय, ते दोन माझे न्हाईत. जसं हाय तसं जाऊ द्या."

 मालकांनी तिन्ही कागद काचेवर चिकटवून वाळत घातले. बल्ब भरून द्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा कधीच काढली नाही.

सोमवारी मी दुकानात कुणाचा फोटो काढला, कसा काढला, काही आठवत नाही. संध्याकाळी दादा घरी आला तो चपला काढायच्या आधी उंबऱ्यावरच बसला. वहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन समोर आली.

"ठेवलं का?"

"ठेवलं. पर वेल्डिंगवर न्हाई. पॅकिंगला."

खेपेचा ठपका दादावरून निघाला होता. तपासणीची सगळी वायसरं बदलायचा हुकूम झाला. तिसरा फोटो बघून चौकशीवाल्यांनी दादालाच विचारलं आणि त्यानं डोळ्यांचं सांगून टाकलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला म्हणे, हा फोटो तुम्ही नसता दिला तरी चाललं असतं. दादा म्हणाला, "व्हय." एवढंच. ग्रेड खाली आली, वेल्डरचा भत्ता गेला.

"वर्सभर दिसत न्हाई, आन् मला सांगितलं न्हाई," वहिनी म्हणाली. बाकी कशाबद्दल ती बोललीच नाही. त्या रात्री भाकरी करपली आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

महिन्याभरानं इंजिनिअरला निगेटिव्ह हव्या होत्या, म्हणून मी कंपनीत गेलो. पॅकिंगला दादा चष्मा लावून बसला होता. काळ्या जाड काड्यांचा, कानावर अजून न रुळलेला. समोर टाक्यांची रांग. टाकीला कागद गुंडाळायचा, सुतळी बांधायची आणि पुढं सरकवायची, एवढंच काम. तो प्रत्येक टाकीच्या चारही कोपऱ्यांवरून आधी अंगठा फिरवत होता, मगच कागद घेत होता.

पलीकडून नवा वेल्डर ओरडला, "ओ दादा, पॅकिंग करा पॅकिंग! तपासायला वेगळी माणसं ठेवलीत कंपनीनं."

"करायलोय की," दादा म्हणाला. अंगठा थांबला नाही. एका टाकीशी तो जरा जास्त वेळ रेंगाळला, चष्मा वर सरकवून कोपऱ्याशी डोळे नेले, मग मान मागं घेऊन पुन्हा बघितलं. मग ती टाकी रांगेतून काढून त्यानं वेगळी ठेवली आणि पुढची ओढली.